भोवऱ्याचा मध्य वर्महोलमध्ये कुठे जातो?

डोक्यावरचा भोवरा तेल लावून, पाणी मारून, कंगवा फिरवून थोडा इकडेतिकडे सरकवता येतो. पुसता येत नाही. त्याच्याभोवती बोटाने एक फेरी मारून बघा. केसांची दिशा हळूहळू बदलत जाते आणि फेरी पुरी होईपर्यंत तीही एक पूर्ण गिरकी घेते. ही गिरकी अर्धी किंवा पाऊण असू शकत नाही, कारण फेरी संपते तेव्हा तुम्ही पुन्हा त्याच केसापाशी आलेले असता. ती पूर्ण असते किंवा नसतेच. आणि ती असली, की मधोमध एक ठिपका असा असावाच लागतो जिथे केसांना धड कुठलीच दिशा नाही.

भौतिकशास्त्रात ज्याला टोपोलॉजिकल दोष म्हणतात तो इतकाच. केसांच्या जागी अवकाशभर पसरलेलं एखादं क्षेत्र घ्यायचं, ज्याला प्रत्येक बिंदूवर काही ना काही दिशा आहे. ‘दोष’ म्हणजे कुणाची चूक असं समजू नका. बाहेर गिरकी आहे म्हणून आत गाभा आहे, एवढाच हा हिशोब. गाभ्यात क्षेत्राला दिशा निवडता येत नाही, म्हणून तिथे ते शून्यावर येतं, आणि तसं राहण्यासाठी लागणारी बरीचशी ऊर्जा तिथेच कोंडून राहते.

आता हाच भोवरा वर्महोलवर पडला तर? वर्महोल, म्हणजे कृमिविवर, हे अवकाशाच्या दोन दूरच्या जागा जोडणारं बोगद्यासारखं विवर. आजवर कुणी पाहिलेलं नाही, पण सापेक्षतेच्या समीकरणांत बसतं. माझ्या मते या सगळ्या विषयातली खरी गंमत एका वाक्यात मावते: भोवऱ्याला मध्य लागतो आणि वर्महोलला मध्यच नसतो. पण तिथे पोचायला थोडी तयारी लागेल.

१९७६ साली लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधल्या टॉम किबल यांनी दाखवलं की विश्वाच्या सुरुवातीला असे दोष पडणं जवळजवळ अटळ होतं. विश्व थंड होत गेलं तसं क्षेत्रांना ‘दिशा’ निवडावी लागली. पण दूरदूरच्या भागांमध्ये तोवर प्रकाशही पोचलेला नव्हता, त्यामुळे प्रत्येक भागाने आपापली निवड केली. या निवडी जिथे एकमेकींना भिडल्या आणि जुळल्या नाहीत, तिथे दोष अडकले. क्षेत्रापुढे दोनच पर्याय असतील तर दोष भिंतीच्या रूपात येतो. पर्याय वर्तुळावर पसरलेले असतील तर तंतू मिळतो, त्याला कॉस्मिक स्ट्रिंग म्हणतात. आणि पर्याय गोलाच्या पृष्ठावर पसरलेले असतील तर दोष बिंदूसारखा असतो. साळिंदराच्या काट्यांसारखं सगळीकडून बाहेर रोखलेलं हे क्षेत्र म्हणजे मोनोपोल. आकाशात यातलं काही सापडलेलं नाही. प्रयोगशाळेत मात्र सापडलं आहे. १९९६ मध्ये ग्रेनोबल आणि हेलसिंकी इथल्या गटांनी अतिप्रवाही, म्हणजे घर्षणाशिवाय वाहणाऱ्या, हीलियम-३ मध्ये न्यूट्रॉन सोडले. प्रत्येक न्यूट्रॉनने एक सूक्ष्म ठिपका तापवला, आणि तो पुन्हा थंड होताना त्यात भोवरे उरले.

तंतूपाशी थोडं थांबू या, कारण पुढे तोच कामाला येणार आहे. कागदाची गोल चकती घ्या, तिच्यातून केकच्या तुकड्यासारखी एक पाचर कापून टाका आणि कडा चिकटवा. शंकू तयार होतो. शंकूचा कागद टोक सोडून कुठेच ताणलेला किंवा चुरगळलेला नसतो, स्थानिक पातळीवर तो अगदी सपाट आहे. फक्त टोकाभोवती फेरी मारली की ३६० अंश भरत नाहीत. सरळ कॉस्मिक स्ट्रिंगच्या भोवतीचं अवकाश नेमकं असंच असतं, हे अलेक्झांडर व्हिलेन्किन यांनी १९८१ साली दाखवलं. तंतू जवळच्या वस्तूला ओढत नाही. त्याचं वस्तुमान ओढू पाहतं तेवढंच त्याचा ताण ते फिटवतो. पण त्याच्या दोन बाजूंनी गेलेले समांतर किरण पुढे जाऊन एकमेकांना छेदतात. म्हणजे तंतूमागची एक दीर्घिका आपल्याला दोनदा दिसेल, तीही वेडीवाकडी न होता.

आकडे बघा. विद्युतचुंबकीय, दुर्बल आणि सबल बलं ज्या ऊर्जेला एकत्र येतात असं मानलं जातं, तिथे तयार झालेल्या तंतूच्या दर मीटरचं वस्तुमान साधारण एकावर एकवीस शून्यं इतके किलो भरतं. पन्नास-पंचावन्न मीटर तंतू म्हणजे आपला चंद्र. आणि एवढं असूनही अवकाशातून कापली जाणारी पाचर फक्त पाच कोनीय सेकंदांची, म्हणजे एका अंशाच्या सातशेव्या भागाइतकी. २००३ मध्ये अशी एक जुळी प्रतिमा सापडल्यासारखी वाटली होती, तिचं नावही पडलं सीएसएल-१. २००६ मध्ये हबल दुर्बिणीने नीट पाहिलं तेव्हा त्या शेजारीशेजारी असलेल्या दोन वेगळ्या दीर्घिका निघाल्या. पुढे प्लँक उपग्रहाच्या मोजमापांनी एवढ्या जड तंतूंची शक्यताच मोडीत काढली. असलेच तर ते निदान दहापट हलके असले पाहिजेत.

मोनोपोलचीही एक जात अशीच अवकाश कापते. १९८९ मध्ये मानुएल बॅरिओला आणि व्हिलेन्किन यांनी दाखवलं की ‘ग्लोबल’ मोनोपोलभोवती घनकोन कमी भरतो, म्हणजे त्याच्याभोवती काढलेल्या गोलाचं क्षेत्रफळ शाळेतल्या सूत्रापेक्षा कमी येतं. अशा मोनोपोलसह असलेल्या कृष्णविवरावर नरेश दधीच, के. नारायण आणि मुंबई आयआयटीचे उर्जित याज्ञिक यांचा शोधनिबंध १९९८ साली ‘प्रमाण’ या भारतीय नियतकालिकात आला होता.

आता वर्महोल. आइनस्टाइन आणि रोझेन यांनी १९३५ मध्ये कृष्णविवराच्या समीकरणात दोन अवकाशं जोडणारा पूल दाखवला. १९५७ मध्ये मिसनर आणि व्हीलर यांनी ‘वर्महोल’ हे नाव रूढ केलं. आणि १९६२ मध्ये फुलर आणि व्हीलर यांनी सिद्ध केलं की हा पूल प्रकाश ओलांडायच्या आत मिटतो. मनुष्य जाऊ शकेल असा वर्महोल कसा असावा लागेल याचा नीट हिशोब मॉरिस आणि थॉर्न यांनी १९८८ मध्ये मांडला. त्यातून निघालेली अट कडक आहे: गळ्यापाशी, म्हणजे बोगद्याच्या सगळ्यांत अरुंद जागी, ऋण ऊर्जा हवी, रिकाम्या पोकळीपेक्षाही कमी.

ही अट कुठून येते? गळ्याकडे जाणारे किरण आधी एकवटतात आणि गळा ओलांडला की फाकतात. साध्या पदार्थाचं गुरुत्व हे कधीच करू देत नाही. एकवटायला लागलेल्या किरणांना ते आणखीच एकवटतं. हे सांगणारं समीकरण अमल कुमार रायचौधुरी यांनी १९५५ साली प्रसिद्ध केलं, कोलकात्यात बसून, आणि कृष्णविवरांपासून महास्फोटापर्यंतचे सगळे मोठे सिद्धांत पुढे त्याच्यावर उभे राहिले. १९९३ मध्ये फ्रीडमन, श्लाइख आणि विट यांनी यावर कळस चढवला. सरासरी ऊर्जा ऋण होत नसेल तर अवकाशातला प्रत्येक असा बोगदा बाहेरच्यापासून लपलेलाच राहतो, त्यातून आरपार कुणी जाऊ शकत नाही. याला ‘टोपोलॉजिकल सेन्सॉरशिप’ म्हणतात. आपल्याकडे सेन्सॉर म्हटल्यावर कात्री आठवते. इथे निसर्ग कापत काहीच नाही, फक्त दार बंद ठेवतो.

तर मुद्द्यावर येऊ. साध्या अवकाशात मोनोपोलभोवती एक गोल कल्पा. त्यावर क्षेत्राचे काटे सगळीकडून बाहेर रोखलेले. गोल लहान लहान करत न्या. क्षेत्र सलग बदलतं, त्यामुळे गिरकी मोडत नाही. शेवटी गोल बिंदूएवढा होतो आणि त्या बिंदूवर सगळ्या दिशा एकाच वेळी असाव्या लागतात. हे अशक्य, म्हणून क्षेत्राला शून्य व्हावं लागतं. हाच गाभा.

आता तोच गोल वर्महोलच्या तोंडाभोवती कल्पा आणि लहान करायला लागा. तो लहान होतो, गळ्यापाशी सगळ्यांत लहान होतो, आणि पुढे सरकवला की मोठा व्हायला लागतो! तो बिंदू कधी होतच नाही. आपण आत आत जात होतो आणि पलीकडच्या बाहेर येऊन पोचलो. म्हणजे क्षेत्राला कुठेही शून्य व्हायची सक्ती उरली नाही. गिरकी पूर्ण आहे, गाभा नाही. इकडून पाहणाऱ्याला मोनोपोल दिसतो. पलीकडच्या माणसाची ‘बाहेर’ उलट दिशेला असल्याने त्याला तेच काटे आत रोखलेले, म्हणजे प्रतिमोनोपोल दिसतो. प्रत्यक्षात मोनोपोल कुठेच नाही.

व्हीलर यांनी विद्युतभाराबद्दल हीच कल्पना मांडली होती. विद्युतरेषा एका तोंडातून आत शिरतात आणि दुसऱ्या तोंडातून बाहेर पडतात. एक तोंड ऋणभारित वाटतं, दुसरं धन, आणि शोधायला गेलं तर भारित कण एकही नाही. याला त्यांनी ‘भाराविना भार’ म्हटलं.

मग असा वर्महोल मिटला तर? गळा तुटला की दोन्ही बाजू पुन्हा साधं अवकाश होतात आणि सक्ती परत येते. टोपोलॉजीचं बिल बाकी असतं, ते फेडावंच लागतं. एका बाजूला मोनोपोलचा गाभा, दुसऱ्या बाजूला प्रतिमोनोपोलचा; किंवा ते गाभे पोटात लपवणारी कृष्णविवरं. वर्महोलने दोष नाहीसा केलेला नसतो, त्याचा मध्य फक्त उधारीवर ठेवलेला असतो.

इथे एक तक्रार नोंदवतो. या विषयावरचे बरेच शोधनिबंध हा भाग ओलांडून जातात. एलिस आणि ब्रॉनिकोव्ह यांनी १९७३ साली स्वतंत्रपणे मांडलेला सर्वांत सोपा वर्महोल घ्यायचा, त्याच्या कोनापुढे एकापेक्षा लहान गुणक लावायचा, म्हणजे अक्षावरून तंतू गेला असं झालं, आणि मग त्या अवकाशात एखाद्या कणाच्या ऊर्जापातळ्या किती सरकतात ते काढायचं. गणित चुकीचं नसतं. पातळ्या सरकतात, हेही खरं. पण हा तंतू आला कुठून, आणि गळ्याचं तो काय करतो, हे विचारलंच जात नाही.

विचारणाऱ्यांपैकी एक मॅट व्हिसर. १९८९ मध्ये त्यांनी मांडलेला वर्महोल इतका साधा आहे की वहीच्या पानावर काढता येईल. रिकाम्या अवकाशाच्या दोन प्रती घ्या. दोन्हीतून सारख्याच मापाचा एकेक घन कापून टाका. पहिल्या भोकाची पृष्ठं दुसऱ्या भोकाच्या तशाच पृष्ठांना चिकटवा. झाला वर्महोल. पृष्ठ सपाट आहे, त्यामुळे तिथे कुठलाच पदार्थ लागत नाही, त्यातून जाणाऱ्या प्रवाशाला काही जाणवणारही नाही. सगळी गडबड घनाच्या कडांवर साठते.

कडेभोवती फेरी मारा. घन कापून टाकल्यावर कडेच्या बाहेरचा कोन उरतो २७० अंश. ही फेरी दोन्ही प्रतींतून जाते, म्हणजे एकूण ५४०. हवे होते ३६०. कॉस्मिक स्ट्रिंगभोवती पाचर कापलेली असते, इथे १८० अंशांची पाचर जादा घातलेली आहे. म्हणजे घनाची प्रत्येक कडा ही कॉस्मिक स्ट्रिंगच आहे, फक्त ऋण वस्तुमानाची! किती ऋण तेही पाचरीच्या मापावरून लगेच निघतं: दर मीटरला जवळपास २८ पृथ्वी. ऊर्जेत मोजायचं तर उणे १५ आणि त्यावर बेचाळीस शून्यं, इतके ज्यूल. एक मीटर बाजूच्या घनाला बारा कडा. बेरीज गुरू ग्रहाच्या पुढे जाते.

इतकी ऋण सामग्री कुणी आणायची, हा प्रश्न आहेच. १९९५ मध्ये क्रेमर, फॉरवर्ड, मॉरिस, व्हिसर, बेनफोर्ड आणि लँडिस या सहा जणांनी अशी शक्यता मांडली की विश्वाच्या अगदी सुरुवातीला ऋण वस्तुमानाच्या तंतूंच्या कड्यांनी सूक्ष्म वर्महोल वेढले गेले असतील आणि विश्वाच्या फुगवट्यात, म्हणजे सुरुवातीच्या अतिवेगवान प्रसरणात, तेही मोठे झाले असतील. वर्महोलचं एक तोंड वस्तू गिळत राहिलं तर ते जड होत जातं आणि जिथून ती बाहेर पडते ते तोंड हलकं, वेळप्रसंगी ऋण वस्तुमानाचंही. असं तोंड एखाद्या ताऱ्यासमोरून गेलं तर काय दिसेल तेही त्यांनी काढलं. साधी वस्तू ताऱ्यासमोरून गेली की ताऱ्याचा उजेड एकदा चढतो आणि उतरतो. ऋण वस्तुमान प्रकाश दूर ढकलतं, म्हणून आधी एक तीव्र झळाळी, मग काळोख, मग पुन्हा झळाळी. ही शक्यता मला फार दूरची वाटते, पण तिची एक गोष्ट आवडते: आकाशात नेमकं काय शोधायचं ते ती सांगते.

लागणारी ऋण सामग्री कमीत कमी किती, यावर पुण्यात काम झालेलं आहे. व्हिसर, खरगपूर आयआयटीचे सायन कार आणि पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्र केंद्रातले नरेश दधीच यांनी २००३ मध्ये दाखवलं की वर्महोलचा आकार जपून निवडला तर ऋण पदार्थाची एकूण मात्रा हवी तितकी कमी करता येते. शून्य करता येत नाही, ते सेन्सॉरशिप होऊ देत नाही.

थेंबभर ऋण ऊर्जा पुरणार असेल तर ती क्वांटम भौतिकी देऊ शकते. १९४८ साली कॅसिमिर यांनी दाखवलं होतं की क्षेत्र मर्यादित जागेत कोंडलं की रिकाम्या पोकळीची ऊर्जाही थोडी ऋण होते. आणि इथेच, माझ्या मते, तंतू आणि वर्महोल यांची सर्वांत सुंदर गाठ पडते.

कॉस्मिक स्ट्रिंगला मोकळं टोक नसतं. ती एक तर अनंतापर्यंत जाते किंवा स्वतःला मिळून कडं बनते. साध्या अवकाशातलं कडं आक्रसत जाऊन नाहीसं होऊ शकतं. पण कडं वर्महोलच्या एका तोंडातून आत शिरून दुसऱ्यातून बाहेर येत असेल आणि बाहेरच्या अवकाशातून पुन्हा पहिल्या तोंडाशी जुळत असेल, तर ते आक्रसून संपूच शकत नाही. मध्ये वर्महोल अडकलेलं आहे. २०१९ मध्ये फू, ग्रॅडो-व्हाइट आणि मॅरॉल्फ यांनी नेमकी हीच रचना घेतली. विरुद्ध भारांची दोन कृष्णविवरं, आतून जोडलेली. ती एकमेकांवर आदळू नयेत म्हणून त्यांना बाहेरच्या बाजूंना ओढून धरणारी, अनंतापर्यंत गेलेली एक स्ट्रिंग. आणि गळ्यातून आरपार गुंफलेलं दुसरं कडं. या कड्याचं क्वांटम थरथरणं ऋण ऊर्जा पुरवतं. तंतू इथे दोष म्हणून न येता खांब म्हणून येतो.

खांब मात्र कमालीचा नाजूक. साध्या सपाट अवकाशात एक मीटर लांबीच्या कड्याची अशी ऊर्जा काढली तर दशांशचिन्हानंतर पंचवीस शून्यं आणि मग ३, तेही उणे, इतके ज्यूल येतात. व्हिसरच्या कडांचा आकडा आठवा. म्हणूनच फू आणि सहकाऱ्यांच्या रचनेत गळा मिटायचा थांबत नाही, फक्त मिटायला उशीर लावतो, आणि तेवढ्या वेळात अचूक साधून पाठवलेला संदेश पलीकडे पोचतो. जरा धक्का लागला की खेळ खलास. मालदासेना, मिलेखिन आणि पोपोव्ह यांचा २०१८ चा चुंबकीय वर्महोल कायम उघडा राहतो, पण त्यातून जायला बाहेरच्या रस्त्यापेक्षा जास्त वेळ लागतो. आडवाटेने लवकर पोचू या आशेने निघालेल्यांची निराशाच.

आतापर्यंत वर्महोल आधी, दोष नंतर असं चाललं होतं. भिंतींच्या बाबतीत उलटं घडतं, दोषच वर्महोल घडवतो. भिंतीचं गुरुत्व ओढत नाही, दूर ढकलतं. गॅरिगा, व्हिलेन्किन आणि झांग यांनी २०१६ मध्ये विचारलं, विश्वाच्या फुगवट्यात तयार झालेल्या गोल भिंतींचं पुढे काय होईल? लहान गोल आक्रसून साधं कृष्णविवर होतात. पण ठरावीक मर्यादेपेक्षा मोठा गोल स्वतःच्याच ढकलण्याने भराभर फुगायला लागतो, बाहेरच्या विश्वापेक्षा वेगाने. बाहेर तर जागा नाही. मग तो आपली जागा आपणच तयार करतो आणि आपल्या अवकाशापासून फुटून वेगळं विश्व होतो, मधे वर्महोलचा गळा. गळा लवकरच मिटतो. बाहेरून पाहणाऱ्याला उरतं ते एक कृष्णविवर, ज्याच्या पोटात काय होऊन गेलं त्याचा पत्ता नाही. अशा कृष्णविवरांची वस्तुमानं कशी विखुरलेली असतील याचा अंदाज या तिघांनी दिला आहे, त्यामुळे निदान पडताळ्याची वाट तरी आहे.

आणि अगदी जमिनीवर, कार्बनच्या एका अणूएवढ्या जाड पत्र्यातही हाच हिशोब चालतो. ग्राफिन म्हणजे षटकोनांची जाळी. एका षटकोनाच्या जागी पंचकोन बसवला की ६० अंशांची पाचर कापल्यासारखी होते आणि पत्रा शंकूसारखा होतो. सप्तकोन बसवला की तेवढीच पाचर जादा येते आणि पत्रा खोगिरासारखा फाकतो. षटकोनांची जाळी मिटवून बंद गोळा करायचा असेल तर बरोबर बारा पंचकोन लागतात, अकराही नाही आणि तेराही नाही. फुटबॉलवर मोजून बघा. ग्राफिनचे दोन सपाट पत्रे आखूड नळीने जोडून वर्महोल करायचा असेल तर उलट, बारा सप्तकोन लागतात, नळीच्या प्रत्येक तोंडाशी सहा. इथे दोष वर्महोलमध्ये ‘सापडत’ नाहीत, दोषांशिवाय वर्महोल शिवताच येत नाही. व्हिसरच्या कडांसारखेच हे जादा कोनाचे दोष.

गोन्झालेस आणि एरेरो यांनी २०१० मध्ये अशा जाळीतल्या इलेक्ट्रॉनांचं गणित मांडलं. ग्राफिनमधले इलेक्ट्रॉन कमी ऊर्जेला वस्तुमान नसलेल्या कणांसारखे वागतात, त्यामुळे वक्र अवकाशातलं समीकरण त्यांना बरंच लागू पडतं. प्रत्येक सप्तकोन त्यांना आपल्यातून चुंबकीय प्रवाह जात असल्यासारखा भासतो, खरं चुंबक जवळपास कुठेच नसताना. या भासमान प्रवाहाच्या हिशोबाने गळ्यापाशी किती इलेक्ट्रॉन-अवस्था अडकून राहतील ते सिद्धांतावरून काढलं. मग संगणकावर खूप मोठी जाळी प्रत्यक्ष उभी करून अवस्था मोजल्या. दोन्हींचा मेळ बसला.